कमी खर्चात कॅरिबियन: चौघांसाठी पाच दिवस, सल्ला हवा

रानपाखरू:
न्यू जर्सीहून मे महिन्यात पाच दिवस जायचं आहे. मुलं ७ आणि ११ वर्षांची. एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसा-शिक्क्याची (स्टॅम्पिंग) मुदत संपलीय. जमैका किंवा बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, म्हणून तिकडे बघत होतो. दोघं शाकाहारी. काय सुचवाल?

सागरगोटा:
स्टॅम्पिंग होईपर्यंत ती दोन्ही बेटं नकोत. जाणं सोपं आहे, परत येणं नाही. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत एच-१बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीत मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांनाच आहे. पोर्तो रिकोला जा. अमेरिकेचाच प्रदेश, त्यामुळे नेवार्क ते सान हुआन हे देशांतर्गत विमान, साधारण चार तास. तरीही पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा-मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) प्रत हातातल्या बॅगेत असू द्या.

खडीसाखर:
पोर्तो रिकोला अनुमोदन. मे चांगला: डिसेंबर मध्य ते एप्रिल मध्य दर चढे असतात आणि चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो. मेमध्ये पावसाच्या सरी मात्र बऱ्याच येतात. हॉटेलचा पहिल्या पानावरचा दर धरू नका. त्यावर ९ टक्के खोली-कर (कॅसिनो असेल तर ११) आणि बऱ्याच ठिकाणी रिसॉर्ट फी (हॉटेलच्या सोयींचा जादा आकार) चढते.

पोर्तो रिकोच्याच छोट्या कुलेब्रा बेटाचा एक दिवस मात्र ठेवाच. फ्लामेंको किनाऱ्याची वाळू पांढरी, पाणी नितळ, आणि फेरीबोटीचं तिकीट एका बाजूचं २.२५ डॉलर. बोट मुख्य बेटावरच्या सेइबाहून सुटते. जुन्या लेखांत फहार्दो लिहिलेलं असतं, पण २०१८ पासून धक्का बदललाय. सान हुआनहून गाडीने दीड तास धरा. तिकीट ऑनलाइन काढा आणि जाण्या-येण्याचं एकदमच काढा, कारण बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं आणि परतीच्या जागा आधी संपतात. परतीची बोट हुकली, तर उरतं छोटं विमान, म्हणजे कितीतरी पट खर्च. भाड्याची गाडी बोटीवर नेता येत नाही. ती सेइबाच्या पार्किंगमध्ये ठेवा (पैसे पडतात). पलीकडे धक्क्यावरून शेअर व्हॅन मिळतात. समुद्र हेलकावे देतो, म्हणून मुलांना चालणारी उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी द्या. पाणी, डबा, स्नॉर्केलचे मुखवटे घरूनच न्या.

रानपाखरू:
धन्यवाद! गाडी पाचही दिवस घेऊ का? आणि जेवणाचं काय?

सागरगोटा:
पहिले दोन दिवस जुन्या सान हुआनमध्ये पायी फिरा. गल्ल्या अरुंद, पार्किंग मिळत नाही. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एकाच १० डॉलरच्या तिकिटात होतात, १५ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. गाडी तिसऱ्या दिवशी घ्या आणि मुक्काम लुकियोला हलवा. तिथून एल युंके जंगल आणि सेइबा दोन्ही जवळ. गाडी घेताना टोलचे रोजचे किती लावतात ते विचारा. पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मात्र मैलांत असते, तिथे गोंधळ होतो.

खडीसाखर:
तिथले 'गांदुलेस' म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे, पण त्यांच्या भातात बहुधा डुकराचं मांस पडतं. घेवड्याच्या उसळीतही हॅम असतो. 'सिन कार्ने, सिन हामोन' (मांस नको, हॅम नको) असं दोन्ही म्हणा. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर हॅम राहून जातो. मोफोंगोत (तळून कुटलेल्या कच्च्या केळ्यांचा पदार्थ) तळलेली डुकराची कातडी कुटलेली असते, तेही आधी विचारा. तोस्तोनेस, म्हणजे दोनदा तळलेली कच्ची केळी, मुलांना आवडतील. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत, तर कुकर आणि मसाल्याचा डबा सोबत असू द्या.

सागरगोटा:
परत निघताना विमानतळावर चेक-इनच्या आधी कृषी खात्याची बॅग तपासणी असते, अर्धा तास जादा ठेवा. अननस आणि नारळ तपासून सोडतात. आंबा सोडत नाहीत, तो तिथेच खाऊन संपवा.