मिस्टरांना एडीएचडी असेल का? डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं?

चोपड्याची सून
नमस्कार. चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कापूस आहे. आमच्या मुलाला डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) सांगितलं. त्याच्याबद्दल ते एकेक प्रश्न विचारत होते आणि मला दर प्रश्नाला त्याचे वडील दिसत होते.

मिस्टर ठिबकचा व्हॉल्व्ह उघडतात, तेवढ्यात शेजाऱ्याचं स्टार्टर बिघडल्याचं कळतं आणि तिकडे जाऊन बसतात. मग जेवणाचीही शुद्ध नसते. स्टार्टर मात्र सुरू करूनच उठतात. अख्खं गाव त्यांना बोलावतं. इकडे आपल्या बागेत खताचं पाणी वाहून जातं. पीकविम्याची शेवटची तारीख निघून गेली, विकास सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं राहिलं. समोरचा बोलत असताना मध्येच तोडतात. रात्री अंथरुणावरही पाय हलत असतो. भाऊबंद ‘बेफिकीर’ म्हणतात. बेफिकीर माणूस विम्यासाठी रात्री बायकोजवळ रडत नाही.

डॉक्टरांकडे यायला ते तयार झालेत. तिथे काय सांगायचं? रक्ताची तपासणी असते का?

तापीकाठ
ताई, हल्ली सगळ्यांचंच लक्ष उडालंय. आधी मोबाईल बंद करून बघा. एकदम गोळ्यांच्या मागे लागू नका.

धुळेकरीण
तापीकाठ दादा, तुमची काळजी पटते. पण मोबाईल हातात यायच्या कितीतरी आधीपासून मी अशी होते, आणि निदान नेमकं त्यावरच ठरतं.

ताई, मला पस्तिशीनंतर निदान झालं. मी धुळ्यात शिक्षिका आहे. मी कधी उड्या मारणारी मुलगी नव्हते, खिडकीबाहेर बघत बसायचे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलींचं असं फार होतं.

एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. डॉक्टर बोलून, विचारून ठरवतात. डीएसएम-५ म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका, तिच्या २०१३ पासूनच्या निकषांत लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. लहान मुलांत दोन्हींपैकी एका गटातली सहा लागतात, १७ वर्षांपुढे पाच पुरतात. पण काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि त्रास एकाच ठिकाणी असून चालत नाही. घर, काम, नातीगोती यांतल्या किमान दोन ठिकाणी हवा. मोठेपणी पळापळ कमी होते, आतली तगमग उरते. तुम्ही लिहिलेला पाय तसाच वाटतो.

म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या. शेऱ्यांची जागा नीट वाचा, गुण नंतर. आणि सासूबाईंना न्या. माझ्या डॉक्टरांनी माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र माझं तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानंही लक्ष लागत नाही. झोप, घोरणं, दारू, उदासी यांबद्दलही विचारतील. मिस्टरांनी काही लपवू नये.

औषधवाला, अमळनेर
औषधांचं थोडं सांगतो. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कोणाची उरलेली गोळी घेऊ नका. त्याचा परिणाम त्याच दिवशी कळतो. भूक मंदावते, झोप उडू शकते. ॲटोमॉक्सेटिन वेगळं, त्याला काही आठवडे लागतात. लोक आठवडाभरात ‘गुण नाही’ म्हणून सोडतात, तेव्हा जीव तुटतो. दोन्हींत बीपी आणि नाडी बघतात. घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा.

जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मानसोपचार विभागात दाखवा. त्याआधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात.

चोपड्याची सून
खूप आभार. सासूबाईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “हाऊ धाकलपनपाईन असाच शे.” (हा लहानपणापासून असाच आहे.) मग सांगत सुटल्या. दळणाला पाठवलं की डबा गिरणीतच. गुरुजी वर्गाबाहेर उभा करायचे, तर हा तिथून थेट नदीवर. तिसरीत झाडावरून पडून हात मोडला, प्लास्टर असतानाच पुन्हा चढला. हे सगळं त्या आजवर कौतुकानं सांगायच्या. त्यांना आता वाटतंय की आपल्या संस्कारांतच कमी पडलं.

धुळेकरीण
त्यांना आधी सांगा की हे संस्कारांनी होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, म्हणूनच मुलाच्या तपासणीतून बापाचं लक्षात येतं. असं बऱ्याच घरांत घडतं.

या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून न्या, तिथे बसल्यावर सुचत नाही. आणि औषध सुरू झालं तरी विम्याचा फॉर्म आपोआप भरला जाणार नाही. मी कागदपत्रं करताना नणंद शेजारी नुसती बसते, तिचं तिचं निवडणं-टिपणं चालू असतं, आणि माझं काम पुरं होतं. मिस्टरांसोबत तुम्ही तसं बसून बघा. व्हॉल्व्ह उघडला की तिथेच उभं राहून मोबाईलवर बंद करायच्या वेळेचा गजर लावायचा, घरी आल्यावर नाही. सोसायटीची आणि विम्याची तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाका.

अपॉइंटमेंट मिळाली की लिहा. मी वाचत असते.