पद्मिनीचा बंपर, पट्ट्या, हँडल: कोल्हापुरात कुणाकडं द्यावं?

पद्मिनी८६
नमस्कार मंडळी. घरात १९८६ ची पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत तीन दिवस पाण्यात उभी होती. इंजिन, वायरिंग, सीटा हळूहळू करून घेतल्या, गेल्या मे महिन्यात रंगही झाला. आता रंग नवा आणि वरचं चकचकीत सामान जुनं. कोशा फेटा बांधून पायात फाटकी स्लिपर घातल्यागत दिसतंय.

अवस्था सांगतो. दोन्ही बंपरवर तांबूस ठिपके, मागच्याच्या एका टोकाला क्रोमची साल निघालीय. दारांच्या बाजूच्या लांब पट्ट्या दुधाळ पांढऱ्या पडल्यात, कितीही घासा, फरक नाही. दारांच्या हँडलांवर फोड आलेत.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो सगळंच क्रोम करून घ्या. दुसरा म्हणतो चंदेरी स्प्रे मारून मोकळे व्हा. तिसरा म्हणतो फेकून द्या, मुंबईहून नवं आणा. खंडेनवमीला गाडी पुजायची आहे, तोवर झालं पाहिजे. काय घरी होईल, काय बाहेर द्यावं, आणि कुणाकडं?

नाद_एकच
भावा, पद्मिनी म्हटल्यावर विषयच संपला. आधी फोटो टाक. आमच्या आज्जीचं मत विचारशील तर चिंच लाव आणि पितांबरीनं घास 😄

पद्मिनी८६
पितांबरी लावून झाली रे. पट्टीला काही झालं नाही, हात तेवढे उजळले.

बफवाले_काका
पितांबरी तांब्यापितळेसाठी. तुमच्या गाडीवर ही दोन्ही नाहीत. असली तरी थराच्या आत दडलेली.

उद्यमनगरात बत्तीस वर्षं बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर उभा होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. तिघांनी तीन उत्तरं दिली कारण तिघांनीही एकच विचारलं नाही: कुठला तुकडा कशाचा आहे? चकाकतं ते सगळं क्रोम नव्हे. जुन्या गाडीवर चार प्रकार सापडतात. लोखंडी पत्र्यावर निकल-क्रोम, नुसतं स्टेनलेस, अॅल्युमिनियम, आणि मजाक म्हणजे जस्ताचं ओतीव.

सगळा तुकडा काढून हातात घ्या आणि लोहचुंबक लावा. चिकटलं तर बहुतेक लोखंड. बहुतेक अशासाठी म्हणतो की गाडीच्या पट्ट्यांना वापरतात त्यातलं काही स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. मग पाठीमागं बघा. पाठ गंजली असेल तर लोखंड, पाठही पांढरी स्वच्छ असेल तर स्टेनलेस. चुंबक चिकटत नाही आणि पट्टी हाताला पिसासारखी लागते, तर अॅल्युमिनियम. चिकटत नाही पण जड आहे आणि वर फोड आलेत, तर मजाक.

हे ठरल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नका. अॅल्युमिनियमची पट्टी क्रोमवाल्याच्या अॅसिडात चुकून पडली तर परत मिळताना वजन कमी भरेल.

काढताना मागच्या क्लिपा तुटतात, रंगावर मास्किंग टेप लावून प्लास्टिकच्या पट्टीनं उचका. आणि प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा, पुढचा-मागचा असा नंबर घाला.

पद्मिनी८६
काका, काल रात्री चुंबक घेऊन बसलो. बंपर चटकन चिकटला. हँडल जड, चुंबक धरत नाही. पट्ट्या एकदम हलक्या. म्हणजे क्रोम, मजाक आणि अॅल्युमिनियम, बरोबर?

बफवाले_काका
बरोबर. आता निदान रोगी कोण ते कळलं.

अँबीवाली
पट्ट्यांचं मी सांगते. आमच्या अँबेसिडरचं हेच दुखणं होतं. दुधाळपणा पट्टीवरचा नाही, तिच्या कातडीतला आहे. कारखान्यात अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा थर चढवलेला असतो. तो धातूपेक्षा कितीतरी कठीण. उन्हापावसानं तो थर पांढुरका पडला की वरून पॉलिश लावून उपयोग नाही. आधी थर उतरवायचा.

तो कॉस्टिक सोड्यात उतरतो. लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, कारण ते एकदम तापून अंगावर उडतं. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, काम उघड्यावर, जवळपास बिडी-काडी नाही, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. काही मिनिटांत पट्टी एकसारखी करडी दिसली की बाहेर काढून भरपूर पाण्यानं धुवायची. विसरून चहा प्यायला गेलात तर पट्टीच पातळ होते.

माझा पराक्रम ऐका. पहिल्या वेळी लांब पट्टी मावेना म्हणून माळ्यावरचा सासूबाईंचा जुना पसरट डबा घेतला. डबा अॅल्युमिनियमचा! पट्टीपेक्षा डब्यालाच जास्त फेस. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. तुम्ही पीव्हीसीचा पाइप घ्या, एका टोकाला टोपी लावा, पट्टी उभी सोडा. सोडाही कमी लागतो.

नंतर वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद. ओरखडे खोल असतील तर ४०० पासून, नाहीतर ६०० पासून सुरू करून ८००, १०००, १५००, २०००, पाण्यात भिजवून. एक नंबर गाळायचा मोह होतो, गाळू नका. गाळलेला ओरखडा बफ केल्यावर उन्हात दात काढून हसतो. मग ड्रिलला कापडी चाक आणि पॉलिश. चार पट्ट्यांना मला तीन रविवार लागले.

चंदेरी_हुपरी
ताईंचं बरोबर आहे, पण बफिंग घरी ड्रिलवर करत बसण्यापेक्षा हाताला सवय असलेल्या माणसाकडं द्या. आमच्याकडं हुपरीत चांदीवर रोज बफ फिरवणारी माणसं आहेत. मोकळ्या वेळेत माझ्या भावाच्या गाडीच्या पट्ट्या एकानं अर्ध्या दिवसात केल्या. फक्त चांदीचं चाक आणि अॅल्युमिनियमचं चाक वेगळं हवं, हे तोच सांगेल. आणि झाल्यावर वर क्लिअर लॅकर मारा, नाहीतर वर्षात परत पांढरं.

बफवाले_काका
लॅकरला माझा विरोध. चकचकीत धातूवर तो नीट धरत नाही, दगड लागला की तिथून पाणी आत शिरतं आणि पिवळी साल निघते. ती काढणं म्हणजे पहिल्यापासून सगळं. शिवाय आत्ता पावसाळ्यात मारलात तर हवेतल्या दमटपणानं लॅकर तिथंच दुधाळ होईल. मेण लावा, दोन-तीन महिन्यांनी परत लावा.

चंदेरी_हुपरी
दोन-तीन महिन्यांनी मेण लावणारा मालक मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

अँबीवाली
मी पुन्हा अॅनोडायझिंग करून घेतलं होतं. खिडक्यांच्या अॅल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्यांकडून पत्ता मिळाला. पण सांगून ठेवा, त्यांच्या लाइनीत सुरुवातीच्याच एका टाकीत कॉस्टिक असतो. त्यात माल घातला की तीन रविवारांची चमक दोन मिनिटांत मॅट. मी उभी राहून ती टाकी वगळायला लावली.

पद्मिनी८६
ही टाकीची गोष्ट कुणीच सांगितली नसती. ताई, आभारी आहे. बंपरचं काय? स्प्रे मारू का खरंच?

नाद_एकच
स्प्रे मारलास तर मी तुला ओळखत नाही.

बफवाले_काका
चंदेरी स्प्रे लांबून चांगला, जवळून भांड्याच्या बुडासारखा. नको.

बंपरचं दोन भागांत बघा. पुढच्याला नुसते ठिपके आहेत ना? अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं ओरखडा पडत नाही आणि गंज निघतो. ठिपक्याखाली नुसता टाचणीएवढा खड्डा राहिला तर मेण भरून सोडून द्या. पुढचा बंपर एवढ्यावर पाच वर्षं काढेल.

मागच्याची साल निघालीय, तिथं उपाय एकच, पूर्ण नव्यानं प्लेटिंग, म्हणजे टाकीत करंट सोडून धातूचे थर चढवणं. लोकांना वाटतं क्रोम म्हणजे जाड थर. क्रोम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतं, निळसर झाक देण्यापुरतं. खरी चमक आणि गंजापासून राखण त्याच्याखालच्या निकलची, ते वीस-तीस मायक्रॉन हवं. त्याच्याही खाली तांबं. तांब्याचा थर घासून बारीक खड्डे बुजवता येतात. पैसे वाचवायला सगळ्यात आधी हे तांबंच गाळतात.

आता कोल्हापूरची खास गंमत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही 'क्रोम करता का' विचारलंत तर 'हो' म्हणतील, पण ते असतं हार्ड क्रोम. हायड्रॉलिकच्या रॉडला लागतं तसं, जाड, करडं, झिजेसाठी. बंपरला तसं करून आणलेला एक गडी मी पाहिलाय, बंपर जेसीबीचा वाटत होता. तुम्ही 'निकल-क्रोम, शोभेचं' असं स्पष्ट म्हणा.

नावं मी लिहिणार नाही. काम बिघडलं की शिव्या मला बसतात. दुकानात जाऊन तीन प्रश्न विचारा. तांबं चढवता का? बफवर कोण बसतो, घरचा माणूस की बाहेर देता? आधी केलेला एखादा बंपर दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला बंपरची पाठ बघा, तोंड नव्हे.

टिंबर_मार्केट
पाठीचं अगदी पटलं. मी चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सोडा) माझ्या जुन्या जीपचा बंपर दिला होता. समोरून आरसा. सहा महिन्यांत आतून गंज सुरू, पावसाळा संपेस्तोवर कडांवरून बाहेर डोकावला. वर बफवाल्यानं दाबून घासून कडा गोल केल्या आणि बोल्टची भोकं अंड्यासारखी लांबट.

बफवाले_काका
आतल्या बाजूला करंट कमी पोचतो, तिथं थर पातळच बसणार, तो दुकानदाराचा दोष नाही. आणल्यावर आतून झिंक प्रायमर आणि वर रंग मारायचा असतो, ते कुणी सांगत नाही. कडा आणि भोकं मात्र त्याचीच चूक. देताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो बघतोय असं बघून काढा.

पद्मिनी८६
आणि हँडल?

बफवाले_काका
मजाकवर आलेला फोड म्हणजे आत धातू खाल्ला गेलाय. अॅसिडात साल काढली की खड्डे उघडे पडतात, आणि त्याला आधी तांब्याचा वेगळा खास थर लागतो, सगळ्यांकडं ती टाकी नसते. खर्च हँडलापेक्षा जास्त. इथं तुमचा तिसरा माणूस खरा होता, जुनी पण चांगली हँडलं शोधा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात चक्कर मारा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, त्यामुळं आता माल आटत चाललाय. दिसला की घ्या.

टिंबर_मार्केट
बसवताना क्लिपांच्या भोकांना आधी प्रायमर लावा, मग थोडं मेण किंवा ग्रीस. अॅल्युमिनियम आणि लोखंडी पत्रा एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की दोघांतलं एक खाल्लं जातं. नायलॉनच्या क्लिपा मिळाल्या तर उत्तम.

पद्मिनी८६
दोन महिन्यांनी आलो, माफ करा.

पुढचा बंपर फॉइलनं झाला, आईनं बघितल्यावर विचारलं नवा केवढ्याला बसला. मागचा उद्यमनगरातल्या एका जुन्या दुकानात दिला, तांबं चढवलेलं स्वतः जाऊन बघून आलो. गुलाबी बंपर बघायला मजा आली, क्षणभर तसाच ठेवावा वाटलं. एका कोपऱ्यात खोल खड्डा राहिलाय, तो पत्रा वाचवायला मुद्दाम सोडला म्हणाले. पटलं. हँडलं तीन मिळाली, चौथं शोधतोय.

पट्ट्या घरीच, पाइपात, ताईंच्या पद्धतीनं. बफिंग हुपरीत. लॅकर नाही, मेण. चंदेरीराव, सत्काराची तयारी ठेवा. खंडेनवमीला झेंडूची माळ तारेत ओवायची नाही, दोऱ्यात ओवायची, एवढं घरात सांगून ठेवलंय. फोटो खाली.

नाद_एकच
नाद खुळा!!! दसरा चौकात छत्रपतींच्या मेबॅक गाडीच्या मागं उभी कर, लोक हिच्याकडं बघतील.

अँबीवाली
सुरेख. डबा कुणाचा वापरला नाहीत ना?

बफवाले_काका
छान झालंय. फोटो मोठा करून बघितला. डाव्या बाजूची पुढच्या दाराची पट्टी उलटी बसलीय काय? टोकाचा बाक खाली हवा.

पद्मिनी८६
काका... नंबर टेपवर लिहिले होते. टेप कॉस्टिकमध्ये सुटल्या.

बफवाले_काका
पाठीवर कानसीनं खाचा पाडायच्या असतात, डाव्याला एक, उजव्याला दोन. ते सांगायचं माझं राहिलं. आता खंडेनवमी होऊ दे, मग काढा. क्लिपा चार जास्त घेऊन ठेवा.