ओबी लाइट: यातला ‘ओबी’ कोण?

प्रश्न

मंडळी, एका कॅमेरामनची मुलाखत वाचत होतो. त्यात वाक्य होतं, ‘हिरॉइनच्या क्लोजअपला ओबी लावला.’ मला ओबी म्हटलं की बातम्यांच्या चॅनलवाल्यांची ती डोक्यावर तबकडी घेऊन फिरणारी ओबी व्हॅनच आठवते. हा ओबी तोच का? नसेल तर नेमकं काय असतं, आणि मराठीत याला काही म्हणतात का?

प्रतिसाद

तो नव्हे. व्हॅनमधला ओबी म्हणजे आउटसाइड ब्रॉडकास्टची आद्याक्षरं. दिव्यातला ओबी म्हणजे मर्ल ओबेरॉन ही ब्रिटिश नटी. तिच्या आडनावाचं हे आटोपशीर रूप. (नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयशीही संबंध नाही, कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो.)

ओबी हा कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लगटून, बहुधा वरच्या अंगाला बसवलेला छोटा दिवा. उजेड बाजूने आला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक खळग्याची, सुरकुतीची सावली पडते आणि ती कॅमेऱ्याला दिसते. तोच उजेड भिंगाच्या दिशेने आला की सावली थेट मागे जाते. खळगा जागच्या जागी असतो, पण दिसत नाही. शिवाय डोळ्यांत चमक येते ती वेगळीच.

यात एक गोम आहे. दिवा कॅमेऱ्यावरच असल्यामुळे ट्रॉली पुढे सरकली की चेहऱ्यावरचा उजेड वाढत जातो. अंतर निम्मं झालं तर उजेड चौपट. डिमर फिरवून कमी करावा, तर साधा टंगस्टनचा दिवा पिवळा पडतो. म्हणून त्याला झडपा लावतात आणि ट्रॉली सरकेल तशा त्या मिटत न्यायच्या. झडपांवरच्या माणसाचं लक्ष चुकलं की शॉट गेलाच.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर सेटवर सगळे ओबीच म्हणतात. मुद्दाम वेगळा शब्द घडवून तो कुणी वापरेल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद

वरच्या माहितीला जोड. हा दिवा केला लुसियन बॅलर्ड या छायाचित्रकाराने, १९४४च्या ‘द लॉजर’च्या वेळी. मर्ल १९३७ मध्ये लंडनला ‘आय, क्लॉडियस’ करत असताना मोटार अपघातात सापडली आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. तो सिनेमा थांबला तो थांबलाच. बॅलर्डच्या दिव्यात व्रण दिसेनासे झाले. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केलं, १९४९ मध्ये मोडलं. दिवा मात्र टिकला.

पण ‘ब्रिटिश नटी’ एवढ्यावर बाईंची ओळख संपवू नका. तिचा जन्म आपल्या मुंबईतला, १९ फेब्रुवारी १९११चा. पाळण्यातलं नाव एस्टेल मर्ल ओ’ब्रायन थॉम्पसन, घरात क्वीनी. वाढली कलकत्त्यात, ला मार्टिनियरमध्ये शिकत असताना जन्मावरून टोमणे ऐकले. विशीच्या आत इंग्लंड गाठलं. अलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकाने तिला हेरलं, ओ’ब्रायनचं ओबेरॉन झालं, आणि १९३३ मध्ये ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती राणी ॲन बोलिन म्हणून दिसली. काम छोटं, पण लोकांच्या डोळ्यांत भरलं. पुढे ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) ऑस्करचं नामांकन. १९३९ मध्ये कोर्डाशीच लग्न.

आणि या सगळ्या काळात जगाला सांगितलं काय, तर जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा! दूरची जागा, कोण जाऊन बघतो! जन्माचे कागद आगीत जळाले अशी पुस्तीही होती. वाढवणारी आई शार्लट, सिलोनकडची, सावळी. ती लंडनमध्ये सोबत राहायची, पण पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणून. ती गेल्यावर मर्लने १९४९ मध्ये जुन्या फोटोवरून तिची चित्रं काढून घेतली, तीही रंग उजळवून. कितीतरी वर्षांनी मुंबईचा जन्मदाखला सापडला. त्यात आई म्हणून नाव होतं कॉन्स्टन्सचं, म्हणजे शार्लटच्या मुलीचं. मर्ल जिला बहीण समजत आली, ती आई. आणि आई म्हणवणारी, आजी.

काही जण तिला ढोंगी म्हणतात. मला ते पटत नाही. पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला हॉलिवूडच्या नियमावलीतच बंदी होती. खरं सांगितलं असतं तर मोठ्या भूमिका मिळाल्याच नसत्या. आईला मोलकरीण केलं ते मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

प्रश्नकर्ता

बाप रे, दिव्याचं विचारायला आलो आणि काय काय निघालं. मग तिला अँग्लो-इंडियन म्हणायचं ना? की युरेशियन?

प्रतिसाद

आज विचाराल तर अँग्लो-इंडियन. पण जुनं इंग्रजी वाचताना जपून. किपलिंगच्या पिढीत अँग्लो-इंडियन म्हणजे हिंदुस्थानात नोकरीधंद्याला राहिलेला अस्सल गोरा साहेब. मिश्र वंशाच्या माणसाला युरेशियन म्हणत आणि त्यात हिणवणूक असे. सरकारदरबारी मिश्र समाजासाठी अँग्लो-इंडियन हे नाव रूढ झालं ते १९११ सालीच. आपल्या घटनेत कलम ३६६ मध्ये व्याख्या आहे, ती पितृवंशावरून: बापाकडचा वंश युरोपीय हवा.

फरक दोन नट्या शेजारी ठेवल्या की कळतो. व्हिव्हियन ली १९१३ मध्ये दार्जिलिंगला जन्मली, वडील कलकत्त्यात दलालीच्या पेढीत. जुन्या अर्थाने ते घर अँग्लो-इंडियन, आणि जन्मस्थळ लपवायची तिला कधी गरज पडली नाही. मर्ल नव्या अर्थाने, म्हणून टास्मानिया.

प्रतिसाद

गंमत म्हणजे ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (१९३९) लॉरेन्स ऑलिव्हिएला नायिका म्हणून व्हिव्हियनच हवी होती, मिळाली मर्ल. आणि मूळ कादंबरीत सावळा आहे तो नायक, हीथक्लिफ. एक पात्र त्याच्याकडे बघून हा ‘लास्कर’ असावा असा तर्क करतं. म्हणजे सावळ्याच्या भूमिकेत गोरा ऑलिव्हिए, आणि गोऱ्या कॅथीच्या भूमिकेत मुंबईची क्वीनी.

लास्कर हा आपल्याच ‘लष्कर’चा भाऊबंद, मूळ फारसी. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला गोऱ्यांच्या जहाजावरचा आशियाई खलाशी. त्यांत रत्नागिरीकडचे कितीतरी जण असत. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, सारंग आणि तांडेल हे शब्दही त्यात घेता येतील.