मदत हवी आहे: आईबाबांसोबत क्वेडलिनबुर्ग, दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

वाट_वाकडी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे जर्मनीत माग्डेबुर्गला येतायत. बर्लिन, प्राग वगैरे ठरलेलंच आहे, पण बाबांनी कुठेतरी इथल्या क्वेडलिनबुर्ग या जुन्या गावाचे फोटो पाहिले आणि तेव्हापासून दर फोनला पहिला प्रश्न तोच. ते शाळेत इतिहास शिकवायचे. 919 साली जर्मनांचा राजा झालेला हाइनरिश पहिला तिथे पुरलाय, हे मला इथे राहून माहीत नव्हतं, ते त्यांनी साताऱ्यातून सांगितलं. आई सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर होती. तिला किल्ले-चर्च फार वेळ झेपत नाहीत, बाजार आणि माणसं बघायला आवडतात.

अडचणी अशा. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर चालतात, पण उतार आला की हात धरावा लागतो. आई अंडंसुद्धा खात नाही. आणि आमच्या चिरंजीवांना (वय सहा) वाफेच्या इंजिनाच्या गाडीने ब्रोकन शिखरावर जायचंच आहे. हे सगळं एका दिवसात बसेल का? की एक रात्र राहावं? राहायचं तर जुन्या गावात की स्टेशनजवळ? गाडी नाहीये आमच्याकडे, सगळं रेल्वेनेच.

रुळांवरून

रेल्वेपुरतं मी सांगतो.

माग्डेबुर्गहून हाल्बरश्टाटमार्गे टालेला जाणारी गाडी घ्या, सव्वा तासाच्या आसपास लागतो. चढताना डब्यावरची पाटी वाचा. काही गाड्या हाल्बरश्टाटला तुटतात आणि मागचा-पुढचा भाग वेगळीकडे जातो. आईबाबा एका डब्यात आणि तुम्ही दुसऱ्यात असं करू नका.

तिकीट: तुमच्याकडे डॉइचलांड-तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर चालेल. आईबाबांसाठी आपल्या जाक्सन-आनहाल्ट राज्याचं दिवसाचं राज्य-तिकीट काढा, पाच जणांपर्यंत एकच. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी ही अट नाही.

आता ब्रोकन. क्वेडलिनबुर्गसोबत एका दिवसात बसवू नका, स्पष्टच सांगतो. ब्रोकनला जायचं तर वेर्निगेरोडे गावाची बाजू धरावी लागते, तिकीट महाग आहे आणि 1141 मीटरच्या त्या माथ्यावर वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस धुकं असतं. एवढे पैसे देऊन पांढरा पडदा बघायचा! त्यापेक्षा हे करा: ब्रोकनची गाडी चालवणाऱ्या कंपनीचाच नॅरोगेज मार्ग 2006 पासून थेट क्वेडलिनबुर्ग स्टेशनात येतो. त्याने गेर्नरोडेला जा, हवं तर पुढे जेल्के नदीच्या खोऱ्यातून आलेक्सिसबाडपर्यंत. फक्त वेळापत्रकात वाफेच्या इंजिनाची खूण बघून फेरी निवडा, नाहीतर डिझेलचा डबा समोर येईल आणि चिरंजीव रुसतील.

गेर्नरोडेला उतरलात तर बाबांना संत सिरियाकुसचं चर्च दाखवा. मार्कग्राफ (सरहद्दीचा सरदार) गेरोने 959 मध्ये सुरू केलेलं. क्वेडलिनबुर्गचं टेकडीवरचं आजचं चर्च त्यामानाने नवीन म्हणायचं.

हार्त्झची_हवा

मी हाल्बरश्टाटला राहते, पाहुणे आले की त्यांना क्वेडलिनबुर्गला नेणं हे माझं ठरलेलं काम आहे. माझं मत: मुक्काम करा, आणि जुन्या गावातच करा. दुपारी बसने आलेली मंडळी संध्याकाळी निघून जातात, मग मार्क्ट चौक आपलाच. फक्त खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टवाली आहे का ते आधी विचारा. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि खडे असतात, गुडघ्याची खरी परीक्षा तिथेच. सामान पाठपिशवीत आणा. गोट्यांच्या फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढली तर अख्ख्या गल्लीला कळतं की पाहुणे आले. स्टेशनवरून मार्क्ट पंधरा मिनिटांवर आहे, वाट सपाट.

या गावात "काय काय बघायचं" अशी यादी घेऊन फिरण्यात मजा नाही. लाकडी चौकटीची दोन हजारांहून जास्त घरं आहेत, ती वाचायला शिका, मग बाबा एका गल्लीत तास काढतील. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला असतो. तिथे तुळयांची टोकं बाहेर दिसतात, ती बघा: काही गोलसर, तर काही हिऱ्यासारखी टोकदार तासलेली. ही टोकदार पद्धत या गावची खासियत, सतराव्या-अठराव्या शतकातली. पंख्यासारखी अर्धगोल नक्षी दिसली तर घर त्याहून जुनं, बहुधा सोळाव्या शतकातलं. आडव्या तुळईवर पुष्कळदा बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. नातवाला साल शोधायला लावा, सगळ्यात जुनं सापडेल त्याला आइस्क्रीम. वोर्डगासेमधलं 1347 च्या सुमाराचं घर आता संग्रहालय आहे. त्याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत सलग, मजल्यावर मजला चढवण्याच्या पद्धतीच्या आधीचे.

हे सगळं थोडक्यात बचावलंय, हेही बाबांना सांगा. पूर्व जर्मनीच्या काळात पैशाअभावी घरं कुजत होती, पाडापाडीही झाली. श्माले श्ट्रासेच्या बाजूला 1980 च्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारती दिसतील, जुन्या घरांच्या आकाराची नक्कल करणाऱ्या. लोक नाकं मुरडतात, मला त्या आवडतात. 1994 मध्ये गाव युनेस्कोच्या यादीत आलं.

मार्क्टवर टाउन हॉलला लागून रोलांडचा छोटासा पुतळा आहे, नगराच्या स्वातंत्र्याची खूण. 1477 मध्ये टेकडीवरच्या बायकांच्या मठाची अध्यक्षा हेडविग हिने भावांचं सैन्य आणून गावाला नमवलं आणि हा पुतळा पाडायला लावला. टेकडीवर राज्य बायकांचं आणि खाली व्यापाऱ्यांचं गाव, ही कुरबूर शतकानुशतकं चालली.

तुमच्या आईंसाठी: डोरोथेआ एर्क्सलेबेन याच गावची, जन्म 1715. घरात मुलं-सावत्र मुलं सांभाळून रुग्ण तपासायची. गावातल्या तीन डॉक्टरांनी भोंदूगिरीची तक्रार केली, तेव्हा तिने रीतसर प्रबंध लिहून 1754 मध्ये हाले विद्यापीठातून पदवी घेतली. जर्मनीतली पहिली वैद्यक डॉक्टर बाई. प्रबंधाचा विषय काय, तर रोग्याला झटपट आणि गोड वाटेल असे उपचार केले की ते फसतात. इथल्या इस्पितळाला तिचंच नाव आहे. सिस्टर राहिलेल्या बाईला हे चर्चपेक्षा जास्त आवडेल असं वाटतं.

पोटोबा_आधी

जेवणाचं बघू. "वेगेटारिश" एवढं म्हणून थांबू नका, "ओने श्पेक, ओने आय" (डुकराची चरबी नको, अंडं नको) असं पुढे जोडा. परतलेल्या बटाट्यात आणि फ्लामकूखेनवर (पिझ्झासारखी पातळ रोटी) डुकराच्या चरबीचे तुकडे न सांगता येतात. फ्लामकूखेन भाज्यांचा मागवा, पिठात सहसा अंडं नसतं. बटाट्याचे काप, सॅलड, पाव-चीज मिळतंच. श्पेट्सलेत (एक प्रकारच्या शेवया) आणि गावात जागोजागी मिळणाऱ्या केझकूखेनमध्ये (चीजकेक) अंडं असतं, म्हणजे आईंना नाही. बाकीच्यांनी सोडू नये. हार्त्झर केझ नावाचं चीज चव घेण्याआधी हुंगून बघा 😀

रात्री आठनंतर स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात आणि रविवारी किराणा दुकानं बंद. दशम्या-चटणी सोबत ठेवा.

वाट_वाकडी

सगळ्यांचे मनापासून आभार! मुक्काम नक्की. ब्रोकन बाद, चिरंजीवांना जेल्केची गाडी "खास" म्हणून विकतो. आईला डॉक्टरीणबाईंची गोष्ट फोनवर सांगितली, आता तिलाच जास्त घाई झालीय.

एकच राहिलं: टेकडीवरचं चर्च. बाबा तिथवर जाणारच, पण उतरताना काय करू? आणि आत बघण्यासारखं नेमकं काय, म्हणजे नुसतंच दमायला नको.

हार्त्झची_हवा

चढ लांब नाही, पण दगडी आणि तिरका आहे. सकाळी उघडल्या उघडल्या जा, काठी न्या, पावसात जाऊ नका, दगड निसरडे होतात. सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात.

बाबांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. हाइनरिश 936 मध्ये वारला, इथे पुरला आणि त्याची राणी माटिल्डे हिने मठ स्थापला. तिची शवपेटी तळघरात आहे, राजाची हाडं मात्र नाहीत. 1937 मध्ये नाझी नेता हिमलरच्या माणसांनी "हाडं सापडली" असं जाहीर केलं, ती बनवाबनवी निघाली. त्याच्या एस.एस. या नाझी दलाने हे चर्च ताब्यातच घेतलं होतं.

दुसरं, खजिना. युद्धात गुहेत लपवलेल्या वस्तूंपैकी काही 1945 मध्ये एका अमेरिकन लेफ्टनंटने चक्क टपालाने टेक्सासला घरी धाडल्या. तो 1980 मध्ये मेल्यावर वारस विकायला निघाले आणि भांडं फुटलं. 1993 पासून त्या परत इथे आहेत. त्यातली सोन्या-रत्नांच्या वेष्टनाची सामुहेल शुभवर्तमानाची (बायबलमधल्या येशूचरित्रांची) पोथी अजिबात चुकवू नका.

उतरायला बाबांना घाई करू देऊ नका. पायथ्याला फिंकेनहेर्ड नावाची जागा आहे, हाइनरिश पक्षी पकडत असताना राजा झाल्याचा निरोप त्याला तिथे मिळाला अशी दंतकथा. बाजूलाच चित्रकार फायनिंगर यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. तुम्ही आणि चिरंजीव म्युन्झेनबेर्ग या दुसऱ्या टेकडीवर जाऊन या, तिथून चर्चची आख्खी टेकडी समोर दिसते. तेवढ्यात आईबाबांना खाली कॉफी पाजा.

रुळांवरून

आणि परतीची शेवटची गाडी आदल्या दिवशी ॲपवर बघून ठेवा. रुळांची कामं निघाली की मध्येच बस लावतात आणि ती स्टेशनच्या भलत्याच बाजूला उभी असते.