विश्वास उडाला, तरी मत का देता? कोल्हापूरकरांनो, लिहा

2019 ला ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलं, तो पक्ष 2022 च्या जूनमध्ये फुटला. 2023 च्या जुलैमध्ये आणखी एका पक्षाचं तेच झालं. चिन्ह कुणाचं हे आयोगानं ठरवलं. ज्यांनी मत दिलं त्यांना कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर "आता मतदानाला जायचंच नाही" हे वाक्य सारखं कानावर येतं. तरीही 7 मे 2024 ला, भर उन्हाळ्यात, कोल्हापूर लोकसभेला 70 टक्क्यांच्या वर मतदान झालं. त्याच वर्षी विधानसभेला करवीर मतदारसंघ 85 टक्क्यांच्या आसपास गेला. एवढी माणसं खूश होती म्हणून रांगेत उभी राहिली, असं मी मानत नाही. मग तुम्ही का जाता? पक्षाचं आणि उमेदवाराचं नाव नको. फक्त तुमचं कारण लिहा.

वडणगे, दूध उत्पादक

मी शिकलेली न्हाई, पोरगी लिहून घेत्या. आमच्या दावणीला म्हशी हायत, दोन्ही वेळचं दूध डेअरीत जातंय. जिल्हा दूध संघाची निवडणूक लागली की गावात मोठ्या गाड्या येत्यात, पण आमच्या दारात कोण येत न्हाई. तिथं गावातल्या एका दूध संस्थेचा एक ठराव, आणि ठराव ज्याच्या नावावर त्येचंच मत. शेण आम्ही काढायचं, धारा आम्ही काढायच्या, आणि मतदार त्यो. मग त्येलाच सांभाळत्यात, त्येलाच सहलीला न्हेत्यात. विधानसभेला मातर संस्थेचा चेअरमन आणि मी एकाच शाळंत, एकाच मशीनवर. त्येचं एक, माझं एक. निवडून येणाऱ्यावर माझा काडीचा भरवसा न्हाई. पण चेअरमनच्या बरोबरीनं मोजलं जायची माझी ती एवढी एकच जागा हाय. ती का म्हणून सोडू?

प्रयाग चिखली

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या किती वर गेलं, ते आमच्या भिंतींवर अजून दिसतं. आमच्या गावाच्या सोनतळीतल्या पुनर्वसनाचं दरवेळी बोललं जातं. आता कुणाच्या शब्दावर झोप लागत नाही.

पण मी एकदा काउंटिंग एजंट म्हणून मोजणीला बसलो आणि माझं मत बदललं. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, फॉर्म 20 म्हणतात त्याला. कुठल्या बूथवर कुणाला किती, सगळं त्यात. हारणारा आणि जिंकणारा, दोघंही तो कागद महिनाभर घेऊन बसतात. ज्या बूथवर मतदानच कमी, त्या गावाची पुढच्या वेळी कुणालाच धास्ती नसते. पाणी चढल्यावर बोट आधी कुठं जाते हे आम्ही पाहिलंय, त्यामुळं मला तरी त्या कागदावर आमच्या गावाचा आकडा मोठाच हवा. मग तो कुणाच्याही नावापुढं असो.

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षिका

माझी आजी संस्थानात जन्मली, महाराजांची प्रजा म्हणून. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्या तीन वर्षांच्या आत ती मतदार झाली. त्या पहिल्या निवडणुकीत देशभरात जवळपास 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा मागच्या बाकांवरच्या मुलीसुद्धा मान वर करायच्या.

नोकरीत निवडणुकीची ड्यूटी अनेकदा आली. पहाटे उठून किमान 50 मतांचा मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, मग सायंकाळपर्यंत शाईचं टेबल. एका म्हाताऱ्यांनी बोट पुढं केलं आणि म्हणाले, "सगळे चोर हायत बाई, पण शाई लावा." त्यांच्याशी वाद घालावासा मला वाटला नाही. माझंही जवळपास तेच म्हणणं आहे.

शिरोली, फौंड्री कामगार

मी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही', दाबतो. 2013 पासून ते बटण आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतो, हे मला माहीत आहे. तरी जातो, कारण माझ्या नावापुढं सही माझीच पाहिजे. घरी बसलो तर त्या नावावर दुसराच कुणी बोट दाबून जाईल. तसं आधीच झालेलं दिसलं तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडं टेंडर व्होट, म्हणजे कागदी मतपत्रिकेवरचं मत, मागा. आणि मतदानाची सुट्टी पगारी असते, मालकाचा तो उपकार नव्हे.

गंगावेश, किराणा दुकान

कोल्हापुरात सगळं आंदोलनानं मिळतं, मतानं काही नाही, असं माझा भाऊ म्हणतो. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनात मीही रस्त्यावर होतो. पण मोर्चे आधीपासून चालू होते. पुढाऱ्यांना घाम फुटला तो 2014 ची विधानसभा जवळ आली तेव्हा. प्रचारात टोलचा विषय कुणालाच टाळता आला नाही आणि पुढं टोल गेला. मोर्चाला धार येते ती मागं मत उभं असल्यामुळं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण अधिक जवळचं. नोव्हेंबर 2020 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. त्या काळात ड्रेनेज तुंबलं की अर्ज करायचा आणि वाट बघायची. आधीचा नगरसेवक काही फार गुणी नव्हता. पण रात्री अकराला त्याचं दार वाजवता यायचं आणि तो शिव्या ऐकून घ्यायचा, कारण त्याला परत आमच्याच गल्लीत मतं मागायला यायचं होतं. अधिकारी चांगला असला तरी त्याची बदली होते, त्याला गल्ली लक्षात ठेवायचं कारण नसतं. निवडणूक कशासाठी असते ते मला निवडणूक नसलेल्या पाच वर्षांनी शिकवलं. जानेवारीत सकाळी दुकान बंद ठेवून गेलो.

राजारामपुरी

बाबा 85 च्या पुढचे. लोकसभेला घरून मतदानाचा 12डी फॉर्म भरला आणि कर्मचारी घरी आले. व्हिडिओ काढणाराही सोबत होता. बाबांनी मतपत्रिका हातात घेतली आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. कुणाला दिलं ते आजवर सांगितलेलं नाही. आयुष्यभर ज्या पक्षाचं काम केलं, त्यानं त्यांना फार दुखावलंय. एवढंच लिहिते.

पुण्यात नोकरी, मूळ आजरा

माझं नाव अजून गावच्या यादीत. एसटीला गर्दी, रजा नाही, मत राहून जातं. राग मात्र वर्षभर असतो. काय करावं?

धागा सुरू करणारा

भावा, फॉर्म 8 भर. ऑनलाइन होतो, पत्ता बदलून नाव तिकडं जातं. फॉर्म 6 नव्यानं भरू नकोस, तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. गाव सुटत नसेल तर नाव आजऱ्यालाच ठेव, पण मग रजेचा अर्ज मतदानाची तारीख जाहीर झाली त्याच दिवशी दे. आणि आज रात्रीच यादीत नाव शोधून बघ, आहे का ते इथं कळव.