मदत हवी आहे: नायगारा-ऑन-द-लेकमधली जुनी थडगी

नमस्कार मंडळी. कॅनडात ऑन्टारिओ सरोवराकाठच्या नायगारा-ऑन-द-लेक गावाबद्दल थोडी मदत हवी आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या बटलर्स रेंजर्स या तुकडीतल्या सैनिकांनी इथे सुरुवातीला शेती करून वस्ती केली. पुढे ब्रिटन-अमेरिकेत पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हा डिसेंबर १८१३मध्ये माघार घेणाऱ्या अमेरिकन सैन्याने भर थंडीत गाव जाळलं.

मला जास्त चटका लावतात ते पोलिश सैनिक. १९१७ ते १९१९ या काळात इथल्या छावणीत हजारो पोलिश स्वयंसेवक लढाईचं शिक्षण घेत होते. त्यातले काही इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, आघाडी पाहण्याआधीच. सेंट व्हिन्सेंट डी पॉल चर्चच्या आवारात ते पुरलेले आहेत. मी मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांसाठी तिथे जवळच उभारलेल्या वळिवड्याच्या छावणीच्या गोष्टी ऐकतच वाढले, म्हणून या थडग्यांपासून पाय निघत नाही.

कुणाला पोलिश वाचता येतं का? थडग्यांवरच्या मजकुराचे फोटो पाठवते. आणि झिजलेली अक्षरं दगडाला इजा न करता कशी वाचायची? खडू घासू नये एवढं माहीत आहे. तिरप्या उजेडात फोटो काढून कुणी पाहिलेत का? चर्चच्या जुन्या दफन-नोंदी मागवायचा अनुभव असेल तर तोही जरूर सांगा.