ज्युली को: वकिली, लघुकथा, संपादन, ऑपेरेटा. वाचायला सुरुवात कुठून करावी?

पानोपानी

वाचनगटात ज्युली को या ऑस्ट्रेलियन लेखिकेवर दीड तासाचं सत्र घ्यायचं ठरलं आहे. दहा-बारा जण आहेत. सगळे इंग्रजी वाचतात, पण ऑस्ट्रेलियाची पार्श्वभूमी कुणाला फारशी ठाऊक नाही. तीन प्रश्न आहेत.

१. आधी कॉर्पोरेट वकिली, मग लघुकथा, मग संपादन, मग ऑपेरेटाची, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकाची, संहिता. ही धरसोड समजायची की त्यात काही सूत्र आहे?
२. 'पोर्टेबल क्युरिऑसिटीज' या संग्रहातल्या कोणत्या कथा घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने?
३. एका सदस्याला 'थ्री-डायमेन्शनल यलो मॅन' मराठीत आणायची आहे. अडचणी कुठे येतील?

तळटीप

आधी कारकिर्दीचा आराखडा, म्हणजे सत्राची प्रस्तावना पाच मिनिटांत आटोपेल.

जन्म सिडनीचा, आईवडील चिनी वंशाचे मलेशियन. सिडनी विद्यापीठात राज्यशास्त्र आणि कायद्याचं शिक्षण, त्यानंतर कॉर्पोरेट वकिली, आणि ती सोडून पूर्णवेळ लेखन. 2015 साली 'कॅपिटल मिसफिट्स' हे छोटेखानी पुस्तक आलं. 2016 साली युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँड प्रेसने 'पोर्टेबल क्युरिऑसिटीज' हा बारा कथांचा संग्रह काढला. सिंगापूरच्या 'बुक्सअ‍ॅक्च्युअली' या पुस्तकदुकानासाठी पूर्व आशिया, आग्नेय आशिया आणि तिथून जगभर पांगलेल्या लेखकांच्या कथांचं 'गोल्ड स्टँडर्ड' हे संकलनही त्यांनी त्याच वर्षासाठी संपादित केलं. 2017 साली 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'च्या 'बेस्ट यंग ऑस्ट्रेलियन नॉव्हेलिस्ट्स'च्या यादीत त्यांचं नाव आलं. नावात कादंबरीकार असलेला हा मान त्यांना कथासंग्रहावर मिळाला, हे सत्रात जरूर सांगा. कथेला कादंबरीची पूर्वतयारी मानणाऱ्यांसाठी ते चांगलं उत्तर आहे. पुढे 'चॉप शेफ' या ऑपेरेटाची संहिता, म्हणजे टीव्हीवरच्या पाककला स्पर्धांचं विडंबन.

धरसोड मला अजिबात दिसत नाही. को यांचं लक्ष्य माणसांपेक्षा साच्यांवर असतं. ऑफिसची भाषा, खाद्यपदार्थांवरचं लेखन, सिनेमातलं ठरीव पात्र, स्पर्धेचा कार्यक्रम, असा एकेक साचा उचलायचा आणि तो अगदी इमानदारीने शेवटपर्यंत चालवायचा. साचा टीव्हीचा असेल तर गाणं आणि रंगमंच हाताशी असलेला बरा, म्हणून ऑपेरेटा. वकिलीतून त्यांनी विषयापेक्षा भाषा जास्त उचलली आहे: कोरडी, नेमकी, भावना न दाखवणारी. अशक्य गोष्ट त्या भाषेत आली की वाचणाऱ्याचा तोल जातो.

क्रम असा सुचवतो: 'साइट', मग 'सिव्हिलिटी प्लेस', शेवटी 'थ्री-डायमेन्शनल यलो मॅन'. 'साइट'मध्ये बेंबीच्या जागी तिसरा डोळा असलेली मुलगी आहे आणि त्या डोळ्याने तिला भुतं दिसतात. तिथे आवाज मऊ आहे, वाचक सहज आत येतो.

दक्षिणायन

आराखडा पटला, क्रम नाही. 'साइट'पासून सुरुवात केली तर गट को यांना अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखिका समजून बसेल आणि पुढचा सगळा वेळ भुतं आणि तिसरा डोळा यांच्या प्रतीकांत जाईल. उपहास आधी कळू द्या. मी 'यलो मॅन' पहिली घेईन. सिनेमाच्या पडद्यावरचा एकमितीय पिवळा माणूस तीन मितींचं आयुष्य जगायला पडद्याबाहेर येतो आणि बाहेर भेटणाऱ्या सगळ्यांचं लक्ष फक्त त्याच्या कातडीच्या रंगावर खिळलेलं असतं. इतकं उघड सूत्र असल्यामुळे पद्धत लगेच हाती लागते.

पण त्याआधी पार्श्वभूमीची दहा मिनिटं हवीतच. 1901 साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि त्याच वर्षी स्थलांतर निर्बंध कायदा आला. उद्देश गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवण्याचा, पण त्यात वंशाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्या माणसाला अधिकारी 50 शब्दांचं श्रुतलेखन घालायचा, तेही कोणत्याही युरोपीय भाषेत. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. इंग्रजी उत्तम येणाऱ्याला दुसऱ्याच भाषेत घालून नापास करता यायचं. ही परीक्षा 1958 साली गेली आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण 1973 साली औपचारिकपणे संपलं. मग 1996 साली खासदार पॉलीन हॅन्सन यांनी संसदेतल्या पहिल्याच भाषणात आशियाई लोकांच्या लोंढ्याखाली देश बुडण्याची भीती घातली. ऑस्ट्रेलियन वाचक हे सगळं मनात घेऊनच कथेला बसतो. आपल्या गटाला ते हातात द्यावं लागेल.

श्रुतलेखनाचा तपशील मुद्दाम सविस्तर दिला. सभ्य, नियमात बसणारी पद्धत आणि तिच्या पोटात हिंसा, हे को यांच्या कथांचं यंत्र आहे आणि ते या परीक्षेत उघडं दिसतं.

'सिव्हिलिटी प्लेस'साठी दोन आकडे जवळ ठेवा. कथेतला वकील 1200 मजली इमारतीत काम करतो. कार्यालयाचा एक मजला साधारण 4 मीटर धरला तर उंची 4800 मीटर होते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर कॉशिउस्को 2228 मीटर आहे, म्हणजे ही इमारत त्याच्या दुपटीहून उंच. आणि दुसरा आकडा सहा मिनिटांचा. मोठ्या वकिली कंपन्यांत वेळेची नोंद सहा-सहा मिनिटांच्या एककात होते, तासाला दहा एककं, आणि प्रत्येक एकक कुठल्यातरी अशिलाच्या खात्यावर चढतं. हे माहीत असेल तर त्या वकिलाचं कामातून मन उडणं म्हणजे नुसता 'कंटाळा' राहत नाही.

शब्दवेध

अनुवादाबद्दल. इथे खरी कसोटी आहे.

पहिला अडथळा शीर्षकातच. इंग्रजीत 'यलो'ला पूर्व आशियाई लोकांविरुद्धच्या द्वेषाचा इतिहास चिकटला आहे. मराठीत 'पिवळा' म्हटलं की हळद, पीतांबर, फार तर कावीळ. आणि 'पिवळी पुस्तकं' म्हणजे काय ते सांगायला नको. नुसतं 'पिवळा माणूस' लिहिलं तर वाचक भलतीकडे जाईल किंवा त्याला काहीच बोचणार नाही. तरी शब्द बदलू नका. 'चिनी' केलं तर कथा कोसळते, कारण रंगाच्या पलीकडे कुणी पाहतच नाही हाच तिचा मुद्दा आहे. 'पिवळा'च ठेवा, आणि पहिल्या दोन परिच्छेदांत इतरांच्या तोंडी तो शब्द जिथे येईल तिथे त्याची धार वाक्यातून जाणवू द्या.

दुसरा अडथळा मितींचा. इंग्रजीत एकमितीय पात्र म्हणजे उथळ, ठोकळेबाज पात्र. तो श्लेष 'एकमितीय'मध्ये आपोआप येत नाही, आणि 'एकसुरी' केलं तर भूमिती जाते. भूमिती वाचवा. माणूस पडद्यातून अंगाने बाहेर येतो, तेव्हा मिती शब्दशः लागते. ठोकळेबाजपणा जवळच्या एखाद्या वाक्यातून पोचवता येतो.

इमारतीचं नाव मात्र भाषांतरित करू नये. 'सौजन्य सदन' केलं की सरकारी विश्रामगृह डोळ्यांसमोर येतं. काचेच्या उंच इमारतींची नावं आपल्याकडेही इंग्रजीच असतात, तेव्हा 'सिव्हिलिटी प्लेस' तसंच लिहावं.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो सुरात. उपहास कळावा म्हणून अनुवादक उद्गारचिन्हं घालतो, 'म्हणे', 'बरं का' पेरतो. को यांचा निवेदक डोळा मारत नाही. मराठीत जुन्या कार्यालयीन पत्राचा सूर या कामी येतो: 'सदर', 'उपरोक्त', 'नोंद घ्यावी'. एक परिच्छेद त्या सुरात करून मोठ्याने वाचा. ऐकणारा चुकीच्या जागी हसला तर तिथे विशेषण जास्त झालं आहे असं समजा.

अनुवाद गटातच वाचायचा असेल ते वेगळं. छापायचा किंवा ऑनलाइन टाकायचा असेल तर प्रकाशकाच्या हक्कविभागाला आधी लिहावं लागेल. पत्रात भाषा, कथेचं नाव, छापील की डिजिटल, प्रती किती, किती काळासाठी, हे सगळं द्या. यातलं काही राहिलं की पत्रव्यवहार लांबतो.

तळटीप

दक्षिणायन, श्रुतलेखनाचा मुद्दा मान्य, आणि मग 'यलो मॅन' पहिली हेही मान्य. 'साइट' शेवटी ठेवू. उपहास कळल्यावर ती वाचली तर तिच्यातलं दुःख जास्त लागतं.

एक इशारा राहिला. 'फँटास्टिक ब्रेस्ट्स'मध्ये निवेदक पुरुष आहे आणि तो जन्मभरासाठी परिपूर्ण स्तनांच्या शोधात असतो, बाई त्याला दिसतच नाही. ही कथा घ्यायची असेल तर निवेदकाचं मत आणि लेखिकेचं मत यांतलं अंतर आधी बोलून घ्या, नाहीतर निम्मा गट तिथेच अडतो. दीड तासात ती न घेतलेली बरी.

वेळ उरला तर याच संग्रहातल्या 'द फॅट गर्ल इन हिस्टरी' या कथेचं शीर्षक फळ्यावर लिहा. ऑस्ट्रेलियन लेखक पीटर केरी यांचा 'द फॅट मॅन इन हिस्टरी' हा संग्रह 1974 साली आला, आणि तोही याच विद्यापीठ प्रकाशनाकडून. बेचाळीस वर्षांनी त्याच घरातून पुरुषाच्या जागी मुलगी येते.

कोडेकार

'कांगानूलिपो' या लेखकगटाचा विषय कुणीच काढला नाही. को या गटाच्या संस्थापक सदस्य आहेत. 1960 साली रेमों क्नो आणि फ्रान्स्वा ल लिओने यांनी फ्रान्समध्ये 'उलिपो' हा लेखकांचा गट सुरू केला. नियम घालून घ्यायचा आणि त्या नियमातच लिहायचं, ही त्यांची रीत. नावात कांगारू जोडून ऑस्ट्रेलियन लेखकांनी आपला गट केला. साच्यांबद्दल वर जे म्हटलंय त्याची एक मुळी इथे सापडते.

सत्रात पंधरा मिनिटांचा प्रयोग करता येईल. 'नाम अधिक सात': परिच्छेदातलं प्रत्येक नाम काढून शब्दकोशात त्याच्या पुढचं सातवं नाम घालायचं. 80 ते 100 शब्दांचा उतारा पुरतो, आणि तो कार्यालयीन सूचनेचा घ्या, कवितेचा नको. मराठीत दोन ठिकाणी अडतं. नाम सामान्यरूपात असेल तर आधी मूळ रूप शोधावं लागतं ('घराला' नव्हे, 'घर'). नवं नाम वेगळ्या लिंगाचं निघालं की विशेषण आणि क्रियापद बदलावं लागतं. ते न बदलता सोडलं तर वाक्य नुसतं चुकीचं दिसतं, गंमत मरते. व्याकरण शुद्ध आणि अर्थ वेडा, असं जमलं पाहिजे.

अक्षर गाळून लिहायचा खेळ मात्र 'अ'वर करू नका. आपल्या व्यंजनात 'अ' लपलेला असतो, पहिल्याच शब्दाला वाद होईल. 'र' गाळा. रफार आणि रकारही त्यात धरायचे, हे आधीच ठरवून घ्या.